सासऱ्यांच्या पोटावर हात

सासरी माझ्यासाठी एक खुर्ची आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या घरात बाकी सगळे दिवाणावर, पायरीवर, चटईवर, जिथं जागा मिळेल तिथं टेकतात. मी उंबऱ्यात दिसलो की कोपऱ्यातली लाकडी खुर्ची फडक्यानं पुसून पंख्याखाली येते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं कॉलेजात गेली, डोक्यावरचे केस मोजक्या जागी उरले, पण खुर्ची काही सुटली नाही. तिच्यावर बसून करायचं काय, तर खायचं. आणि विचारलं तर मत द्यायचं. दोन्ही कामं मी आजवर पोटभर केली आहेत.

अमरावतीला मात्र मला बसायला मिळत नाही. तिथं एका खासगी दवाखान्यात, सर्जरीच्या वॉर्डात, मी ब्रदर आहे. म्हणजे बाईमाणसाला जिथं सिस्टर म्हणतात तिथं पुरुष असला की ब्रदर. म्हातारे मला 'अरे भाऊ' म्हणतात आणि एका आजीबाईंनी तर शेवटपर्यंत 'सिस्टरदादा' म्हणून हाक मारली. मी ओ देत गेलो. नव्यानं शिकायला येणाऱ्या मुलींना मी एक भाषण देतो, त्या आता माझ्या मागे त्याची नक्कल करतात म्हणे. नातेवाईक भेटायला आलेले असताना पेशंट पाहू नका, तेव्हा तो नटलेला असतो. ते यायच्या आधी जा. चादर पाहा, कपडे पाहा, हात लावून पाहा. पेशंट 'बरं आहे' म्हणाला तर ते ऐका, पण लिहू नका. असं बरंच. बोलताना मी चष्मा काढून हातात धरतो, तेवढीच नक्कल त्यांना नीट जमते.

तर माझे सासरे, ज्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी मामाजी म्हणतो, घरच्या पायरीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्यातच ऑपरेशन झालं, चांगलं झालं. लघवीची नळी काढली, वॉकर धरून चार पावलं टाकायला लावली, घरी पाठवलं. मामाजी धान्याच्या बाजारात अडते होते. आयुष्यभर पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून बोली केलेला आवाज. घरात कुजबुजले तरी गल्लीत ऐकू जायचं. घरी आल्यावर तोच आवाज बदलला. मामीजींनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या बायकोला फोन केला, "बाबायचं डोकं ठिकानावर नाई पोरी. मेलेल्या मानसायसंग बोलून राहिले." बायकोच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. ती म्हणाली, "तुम्ही आधी जाऊन पाहून या. तुम्हाला कळतं त्यातलं."

मला कळतं त्यातलं. या वाक्यावर मी बसमध्ये बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत फुगून बसलो होतो.

पोचलो, खुर्ची आली, पाणी आलं, पोहे आले. आतल्या खोलीत काहीतरी धावपळ चालल्याचं ऐकू येत होतं. पोहे संपल्यावर माझा साळा पडदा बाजूला करून म्हणाला, "या भाऊजी, बाबा बसले." खरंच बसले होते. पाठीला तक्क्या, अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, कमरेपर्यंत नवी चादर, कपाळाला ओला टिळा. मला पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले, "राम राम जवाईबापू." हात जोडताना सदऱ्याच्या बाह्या मागे सरकल्या आणि दोन्ही मनगटांवर लाल वळ दिसले. मी पाहिले. सलाईनची चिकटपट्टी काढताना असे होतात, असं माझं मीच मला समजावलं आणि पुढं गेलो. दोन्ही हातांना एकदम सलाईन कोण लावतं, हा प्रश्न वॉर्डातल्या कुठल्याही पहिल्या वर्षाच्या मुलीला पडला असता.

मामाजींची नजर माझ्यावर ठरत नव्हती. बोटं चादरीचे धागे वेचत होती. ओठ सारखे हलत होते. मी पलंगापासून सभ्य अंतरावर उभा राहून, हात मागे बांधून, प्रश्न विचारले.

"जेवतात का?"

"दोन घास," साळा म्हणाला.

"ताप?"

"नाई."

"लघवी होते?"

"होते नं भाऊजी! घडीघडी होते."

"मग काही चिंता नाही," मी म्हणालो, आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसून सगळ्यांना समजावलं. म्हातारपणी ऑपरेशननंतर असं होतं. भुलीचं औषध असतं, जागा बदललेली असते, दुखण्याच्या गोळ्या असतात. चार दिवसांत निवळतं. चष्मा माझ्या हातात होता. मामीजींनी पदरानं डोळे पुसले आणि साळ्यानं मान डोलावली. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हेच वाईट होतं.

साळा मग हळूच म्हणाला, "भाऊजी, झोपेचं एखांदं इंजेक्शन देऊन टाका. ते उठाले पायतात. त्या पायावर उठले अन पडले तं सारं संपलं. आमी तिघं-चौघं धरून-धरून थकलो."

त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी म्हणालो, डॉक्टरांना विचारून देऊ.

मग जेवण. जावई आला म्हणून घरात पेशंट असतानाही मामीजींनी शिरा केला होता. जेवल्यावर मला पुढच्या खोलीत दिवाणावर आडवं करण्यात आलं आणि कूलर माझ्याकडं वळवण्यात आला. घरात एकच कूलर आहे. तो पेशंटच्या खोलीतून काढून आणला होता, हे मला नंतर कळलं.

डोळा लागतो तोच आतून ओरडणं आलं. शब्द नव्हते, नुसता आवाज. मी उठून पडदा सारला. टोपी जमिनीवर होती. मामाजींचे दोन्ही हात जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधलेले होते, आणि मामीजी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. साळा पाय धरून बसला होता. मला पाहून तो आधी चादर ओढायला धावला, वडिलांना झाकायला.

"तुमी काहून उठले भाऊजी? पडा नं तुमी."

मी यायच्या आधी पट्ट्या सोडायच्या, सदरा चढवायचा, टिळा लावायचा; मी बाहेर गेलो की परत बांधायचं. सकाळची ती धावपळ हीच होती. माझ्या मानासाठी. मी मुलींना सांगतो तो नटलेला पेशंट मला माझ्याच सासरी, पोहे खाऊ घालून, दाखवण्यात आला होता आणि मी तो पाहून मत देऊन आलो होतो.

पण खरं सांगतो, त्या क्षणी मला हेही सुचलं नाही. मला ते बांधलेले हात बघवेनात, आणि ते बघायला लागू नयेत म्हणून मी गॅलरीत जाऊन ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. झोपेचं औषध मागायला. ब्रदर आहे, अमक्या वॉर्डात आहे, अशी ओळख दिली आणि सगळं भराभरा सांगितलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पोट पाहिलंत?"

"लघवी होते म्हणतात सर. वारंवार होते."

"म्हणतात. मी पोटाचं विचारलं."

मी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ब्रदर?"

"सर, सासरे आहेत ते माझे."

डॉक्टर म्हणाले, "अस्सं. मग गल्लीत दुसरा कोणी ब्रदर मिळतो का बघा. नाही मिळाला तर तुम्हीच जा. झोपेचं काही देऊ नका, आधी हात लावून पाहा आणि मला सांगा."

फोन ठेवला तेव्हा माझ्या तोंडासमोर दोरीवर लुंग्या वाळत होत्या. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली, आणि खाली बादलीत आणखी. मामीजी मागून आल्या होत्या. मी विचारलं, "मामीजी, एका वेळेला किती होते लघवी?"

त्या लाजल्या. जावयानं असं विचारायचं नसतं. मग त्यांनी तळहात पुढं केला आणि मधल्या खळग्यावर बोट ठेवलं. "इतकुशी. लुंगी ओली होते, बस. पन घडीघडी."

टाकी काठोकाठ भरली की वरून थेंब थेंब सांडत राहतं. बघणाऱ्याला वाटतं पाणी येतंय. मूत्राशयाचं तसंच होतं. भरून फुगतं, दार उघडत नाही, आणि जे बाहेर येतं ते सांडलेलं असतं. माणूस मोठा असला, आधीच प्रोस्टेट वाढलेलं असलं, वर ऑपरेशन आणि गोळ्या, की हे होतं. पोटात तो दगड घेऊन तो उठायला बघतो, कपडे ओढतो, भलतंसलतं बोलतो. वेळेत मोकळं केलं नाही तर मूत्रपिंडांवर येतं आणि माणूस जातोही. गुंगीचं औषध दिलं असतं तर तेवढं ओरडणं थांबलं असतं आणि आम्ही सगळे निवांत झोपलो असतो. मामाजी आतल्या आत भरत गेले असते.

हे सगळं मला पाठ होतं. सकाळपासून पाठ होतं.

मी आत निघालो तर मामीजी पडद्यासमोर उभ्या राहिल्या. "तुमी नाई जवाईबापू. जवायाच्या हातून हे? नाई बाप्पा. पाप लागन मले."

"मामीजी, मी रोज हेच करतो."

"तिथं करता. इथंसा नाई."

साळा म्हणाला, "शुद्धीवर आले का बाबा मले घराबाहीर काढतीन भाऊजी. म्हनतीन, जवायासमोर उघडं पाडलं मले."

"शुद्धीवर आले तर काढतील ना?" मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. "येऊ तर द्या त्यांना शुद्धीवर."

मामीजी बाजूला झाल्या. रडत नव्हत्या, नुसत्या बाजूला झाल्या.

अंगात मागल्या दिवाळीला याच घरून मिळालेला कडक इस्त्रीचा शर्ट होता. त्या शर्टात वाकता येत नाही, हे मला तेव्हाच कळलं. तो काढला, साळ्याचा जुना टी-शर्ट घातला, गमछा खांद्यावर टाकला, कोपरापर्यंत हात धुतले. आत जाऊन आधी पट्ट्या सोडल्या. मामाजींनी मनगटं छातीशी घेतली आणि माझ्याकडं पाहिलं.

"कोन हाय रे?"

"ब्रदर हाय. दवाखान्यातला."

"असं असं," ते म्हणाले, आणि एकदम आवाज खाली आणला. "हळू बोल. माहा जवाई आलाय. बाहीर बसला हाय."

माझ्या मागे साळ्याचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. मी म्हणालो, "बसू द्या. तुमाले काय होऊन राहिलं ते सांगा."

"लघवी निंगत नाई रे भाऊ. थेंब थेंब. पोट फुटून राहिलं माहं."

"मंग सांगतलं काहून नाई कोनाले?"

"जवाई हाय नं घरात," ते मला समजावत म्हणाले, जणू मला एवढंही कळत नाही. "त्याच्यासमोर कसं बोला लागते?"

मी सदरा वर केला. बेंबीच्या खाली, हात ठेवायच्या आधीच दिसत होतं. पोट घट्ट, गोल, वर आलेलं. मी तळवा टेकवला, बोटानं ठोकून पाहिलं. भरलेल्या मडक्यावर ठोकल्यासारखा आवाज आला. जरासं दाबताच मामाजी कळवळले आणि लुंगीवर ओल उमटली. इतकुशी. मी तिथंच उभ्या-उभ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, नळी टाका, घाई करू नका, नाडीवर लक्ष ठेवा, आणि मग इकडं घेऊन या.

नळी, पिशवी, हातमोजे आणायला मी स्वतःच धावत कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. तिथले म्हातारे चाचा मला लग्नापासून ओळखतात. माझा अवतार पाहून म्हणाले, "क्या जमाई साब, ससुरे ने कामपे लगा दिया क्या? जमाई लोगां तो मेरेकने सिरफ हाजमे की गोली लेने आते." मी सामानाचं सांगितलं तसा त्यांचा चेहरा बदलला. सामान त्यांनी भराभर पिशवीत भरलं. पैसे पुढं केले तर हात हलवला, "पहले जाओ."

परत आलो. मामाजी साळ्याचा हात धरून पडले होते. मी तयारी करत होतो आणि त्यांना बोलतं ठेवायचं होतं, म्हणून, आणि थोडं माझ्या स्वभावामुळं, विचारलं, "जवाई कसा हाय तुमचा?"

"पोरीले पायाले आला तवा चहाची बशी पॅन्टवर उलटी केली त्यानं," मामाजी म्हणाले. "म्या म्हनलं, हे बेनं दवाखान्यात औषध कसं पाजत असंन?"

साळा खोकला.

"मंग पोरगी देली काहून?"

"पोरगी आयकत होती का?" त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "बाजारात म्या लोकायले सांगतो, साहेब हाय म्हनून. दवाखान्याचा साहेब. आता काय सांगू, लोकायचं हागनं-मुतनं काढते म्हनून?"

हे मी माझ्या वॉर्डात किती जणांच्या तोंडून ऐकलं आहे. राग येत नाही. त्या दिवशी मात्र हातमोजा चढवताना बोट चुकीच्या जागी गेलं आणि पुन्हा काढून घालावा लागला.

नळी घालताना मध्ये अडली. हे काम मी इतक्या वेळा केलंय की झोपेतही करीन, असं मीच सांगत असतो. पण हात थांबला. अशा वेळी जोर लावायचा नसतो. जोर लावला की आत जखम होते, रक्त येतं. थांबायचं असतं, आणि थांबणं हे सगळ्यात अवघड. मी म्हणालो, "मामाजी, लांब श्वास घ्या. सोडा." तोंडातून 'मामाजी' निघून गेलं. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, आणि नळी पुढं सरकली.

मग पिशवीत धार लागली. गडद, दाट रंगाची. थांबेचना. साळा एकदा पिशवीकडं आणि एकदा वडिलांकडं बघत होता. मी नाडी धरून बसलो. हाताखालचं पोट हळूहळू खाली बसत गेलं, आणि त्याबरोबर मामाजींच्या कपाळावरची, जबड्यातली, मुठींतली ओढ सुटत गेली. चादर वेचणारी बोटं थांबली. डोळे मिटले. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की मामीजी दारातून फाटक्या आवाजात म्हणाल्या, "गेले का वो?"

"नाही मामीजी. झोपले."

त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. आता रडल्या.

संध्याकाळी दवाखान्यात नेलं. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडांवर ताण आल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, आणखी एखाद-दोन दिवस गेले असते तर कठीण होतं. मला त्यांनी वेगळं काही सुनावलं नाही. ठेवून घेतलं, सलाईन लावलं. डोकं लगेच ताळ्यावर आलं नाही. एक दिवस ते नर्सला सोयाबीनचा भाव विचारत होते. मग एका सकाळी त्यांनी साळ्याला नाव घेऊन शिवी दिली आणि आम्हाला कळलं, मामाजी परत आले.

नळी काही आठवडे ठेवायची होती. घरी आणल्यावर मी पुन्हा गेलो तो रविवार होता. खुर्ची आली. पडदा सरला. मामाजी बसलेले, सदरा, टोपी, मांडीवर चादर. राम राम झाला. नजर माझ्यावर ठरलेली होती, स्वच्छ. चादरीखाली मांडीशेजारी एक फुगवटा होता. पिशवी. जावयाला दिसू नये म्हणून पलंगावर वर घेऊन झाकली होती. पिशवी वर घेतली की लघवी उलटी आत जाते, आणि तिच्याबरोबर ताप, जंतू, सगळं. पिशवी कायम खाली टांगलेली पाहिजे. मी साळ्याकडं पाहिलं. तो खिडकीकडं बघू लागला. त्या दिवशी नळी मी घातली होती हे मामाजींना कोणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं, आजही नाही. मी विचारलं नाही.

खुर्चीवरून मला ते बोलता आलं असतं. पण मी उठलो, चादर बाजूला केली, पिशवी उचलली आणि खाली पलंगाच्या दांडीला अडकवली. नळी कुठं दुमडली तर नाही ते पाहिलं. मामाजी भिंतीकडं पाहत होते. कान लाल झाले होते.

"जवाईबापू," ते भिंतीलाच म्हणाले, "तिकडं सगळ्यायचंच करता का असं?"

"हो."

"बायका-मानसं, अनोळखी, कोनाचं बी?"

"बायकांचं सिस्टर करतात. बाकी कोणाचंही."

साळ्यानं चहा आणतो म्हणून काढता पाय घेतला. मी खुर्चीकडं वळणार तेवढ्यात मामाजींनी टोपी काढली, उशाशी ठेवली.

"मंग जरा पाठ पाहा माही," ते म्हणाले. "खाली, माकडहाडाजवळ. लय आग होऊन राहिली. घरच्यायले सांगतलं नाई म्या."

मी त्यांना सांभाळून कुशीवर केलं, ऑपरेशनचा पाय न वळवता, दोन्ही पायांमध्ये उशी देऊन. सदरा वर घेतला. माकडहाडावर तळहाताएवढा लाल चट्टा होता. कातडी फुटलेली नव्हती. बोटानं दाबला, पांढरा झाला, बोट काढलं, पुन्हा लाल झाला. म्हणजे पडून राहून होणारी जखम धरू लागली होती, पण अजून वेळ गेलेली नव्हती.

"काय हाय?" मामाजींनी विचारलं.

"सांगतो," मी म्हणालो. "असेच राहा. हलू नका."